डब्याची मागची बाजू

आइस्क्रीमच्या कारखान्यात चव घेणारी माणसं आइस्क्रीम खात नाहीत, हे कुणाला सांगितलं तरी पटत नाही. समोरचा हसतो आणि म्हणतो, "मजा आहे बुवा तुमची." तिला हे इतक्या वेळा ऐकावं लागलं होतं, की ती आता वाद घालायच्या भानगडीत पडत नसे. नुसती मान डोलवायची.

खरी गोष्ट अशी, की रोज सकाळी चव घ्यायच्या खोलीत पांढऱ्या टेबलावर कागदी कप मांडले जात. आइस्क्रीम फार थंड असलं तर जीभ बधिर होते आणि सगळंच सारखं लागतं, म्हणून ते जरा सैल पडू द्यायचं. मग चमचाभर तोंडात घ्यायचं, टाळूला लावायचं, जिभेवर घोळवायचं आणि शेजारच्या रिकाम्या कपात थुंकायचं. कोमट पाण्याने चूळ भरायची, कागदावर दोन शब्द लिहायचे, की पुढचा कप. गिळायचं नाही. गिळत बसलं तर पाचव्या-सहाव्या कपापासून जिभेऐवजी पोट मत द्यायला लागतं. ती या कारखान्यात नोकरीला लागली तेव्हा तिच्या केसांत एकही पांढरा नव्हता, आणि आता ती कलप लावायची. तेवढ्या काळात तिने आइस्क्रीमचा एकही घास पोटात जाऊ दिला नव्हता. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. कामाची सवय होती, एवढंच.

ती नवीन मालाच्या विभागाची प्रमुख होती. विभाग म्हणजे ती, दोन सहायक आणि एक फ्रीजर. गेल्या वर्षी वरून हुकूम आला, की बाजारात सगळे कमी फॅटचं आइस्क्रीम काढतायत, आपणही काढा. हुकूम देणाऱ्याला वाटतं, फॅट काढलं की झालं. तसं नसतं. फॅटमुळे आइस्क्रीम तोंडात मऊ लागतं, हळूहळू विरघळतं. ते काढून घेतलं की मागे उरतं मुख्यतः पाणी, आणि पाणी गोठलं की त्याचा होतो दगड. तो होऊ नये म्हणून साखर वाढवायची, दुधाची पावडर वाढवायची, डिंकाच्या जातीचं काहीतरी घालून सगळं एकमेकांना धरून ठेवायचं, आणि वर भरपूर हवा मारायची. एवढं करून जे हाती येतं त्यात फॅट खरोखरच निम्म्याहून कमी असतं. साखर मात्र साध्या आइस्क्रीमपेक्षा चिमूटभर जास्तच. हे काही गुपित नव्हतं. डब्याच्या मागच्या बाजूला सगळं छापलेलं होतं.

तो मागचा तक्ता तिचा होता. आकडा न आकडा तिने स्वतः काढलेला, पुन्हा तपासलेला. एका वाटीमागे उष्मांक किती, फॅट किती, प्रथिनं किती, साखर किती. फक्त एक वाटी म्हणजे किती, यावर बैठकीत जरा खळखळ झाली होती. विक्रीप्रमुख बारा महिने टाय लावायचा, म्हणून कारखान्यात सगळे त्याला टायवाले म्हणत. त्याने पासष्ट ग्रॅमची वाटी धरली होती.

"पासष्ट ग्रॅम म्हणजे दोन-तीन चमचे हो," ती म्हणाली होती. "एवढंसं खाऊन उठतं कोण?"

"मॅडम, नियमात बसतं ना?"

बसत होतं.

"आणि अक्षर? केवढंसं केलंय ते. मुंगीला चष्मा लागेल."

"नियमात बसतं ना?"

तेही बसत होतं. पुढच्या बाजूला हाताच्या बोटाएवढ्या निळ्या अक्षरांत 'कमी फॅट' आणि मागे तिचा तक्ता, अशी वाटणी झाली. तिने सही केली. त्या डब्यावर एक अक्षर खोटं नव्हतं, आणि याबद्दल तिला थोडा अभिमानही होता.

दर रविवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला वडिलांकडे जेवायला जायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांचं घर आत्या सांभाळायची, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. सांभाळायची हा शब्द सौम्य झाला. ती त्या घरावर राज्य करायची.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान विकून टाकलं तरी कामाचं टेबल त्यांनी घरी आणून खिडकीशी लावलं होतं. त्यावर चिमटे, पेचकस, तेलाच्या एवढ्याशा बाटल्या आणि डोळ्याला लावायचं भिंग ओळीने ठेवलेलं असायचं. हल्ली मात्र ते टेबलाशी नुसते बसायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजव्या डोळ्याने उजेड तेवढा कळायचा आणि डाव्याने माणूस आहे की कपाट आहे एवढा फरक. एखादं घड्याळ उघडून ते बोटांनीच चाचपायचे आणि पुन्हा बंद करायचे.

ऑपरेशन कधीच होऊन जायचं. घोडं अडलं होतं साखरेपाशी. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "रक्तातली साखर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आणि एक सांगून ठेवते. साखर अशीच राहिली तर आतला पडदा खराब होईल. मग मोतीबिंदू काढूनही काही दिसायचं नाही."

आत्याने कंबर कसली. घरातला साखरेचा डबा तिने स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केला. जॅम गेला, बिस्किटं गेली, पिकलेली केळी गेली. दिवसातून तीन वेळा उकडलेल्या भाज्यांचं सूप आणि संध्याकाळी सक्तीचं फिरणं. वडिलांनी हूं की चूं केलं नाही. आणि पुढच्या तपासणीला साखर वाढली.

डॉक्टरीण बाईंनी गोळी वाढवली आणि म्हणाल्या, चालणं वाढवा. आत्याने त्यांना सकाळीही बाहेर काढायला सुरुवात केली. ऊन असो, धुकं असो, टोपी, काठी आणि दाराबाहेर. त्याच्या पुढच्या तपासणीला साखर आणखी वर.

"कुठेतरी पाणी मुरतंय," आत्या म्हणाली. तिने शेजारणीवर संशय घेतला, औषधवाल्यावर घेतला, तपासणी करणाऱ्या मशीनवर घेतला. वडिलांच्या कोटाचे खिसे रोज उलटे करून पाहिले. खिशात सापडल्या चपट्या लाकडी काड्या, धुऊन वाळवलेल्या. टेबलावर तशाच काड्यांची एक जुडी रबराने बांधून ठेवलेली होती.

"घड्याळाच्या चाकांतली घाण काढायला बऱ्या पडतात," वडील म्हणाले. ते तर जुन्या दाढीचे ब्रशसुद्धा जपून ठेवणारे. दोघींनी विश्वास ठेवला. लेकीने तर त्या काड्या हातात घेऊन पाहिल्या होत्या. जिच्या कारखान्यात तसल्या काड्यांची पोती येतात, तिला त्या आइस्क्रीमच्या चमच्या आहेत हे ओळखू आलं नाही. घरच्या टेबलावरची वस्तू माणूस घरच्या डोळ्यांनीच बघतो.

आता थोडं मागे जायला हवं, कारण हे सगळं सुरू झालं एका रविवारच्या जेवणात, आणि सुरुवात तिने स्वतः केली होती.

नवीन आइस्क्रीम नुकतंच बाजारात आलं होतं. सगळीकडे नव्हे, शहरातल्या काही निवडक दुकानांत, चाचणी म्हणून. वडिलांनी सूपचा वाडगा चाचपडत जवळ ओढला आणि विचारलं, "मग, कसं चाललंय तुझं ते नवीन?"

"चालतंय कुठे, बसलंय. कुणी घेत नाही. हंगाम संपेपर्यंत हललं नाही तर बंद करणार. आणि ते बंद झालं, की विभागच गुंडाळणार म्हणतायत."

"विभाग म्हणजे तुझा?"

"माझाच. दुसऱ्या कुणाचा?"

वडिलांनी सूपमध्ये चमचा फिरवला. मग म्हणाले, "मिळतं कुठे पण ते?"

"तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा ठेवलंय."

"दादा, तिकडे बघायचंसुद्धा नाही हं," आत्या म्हणाली.

तेव्हा तिला उगाचच राग आला. आठवडाभर टायवाल्याचं ऐकून कान किटले होते, आता इथेही. ती फटकन म्हणाली, "एवढं घाबरण्यासारखं काही नाही त्यात आत्या. कमी फॅटचं आहे. बाधत नाही कुणाला ते."

बोलली आणि विसरली. आपल्या मालाची बाजू घ्यायची जिभेला सवय होती, तिने घेतली.

हंगाम निम्मा उलटला तेव्हा टायवाल्याने बैठक बोलावली. पडद्यावर आलेख लावला. चाचणीच्या दुकानांसमोर इवल्याशा रेघा, आणि मध्येच एका दुकानासमोर ही उंच रेघ, घरांच्या रांगेत पाण्याची टाकी उभी असावी तशी.

"हे काय आहे?" संचालकांनी विचारलं.

"हेच तर!" टायवाल्याचा चेहरा खुलला होता. "या एका दुकानातून माल रोज जातोय. एक दिवस खंड नाही. आणि मध्यंतरी खप एकदम दुप्पट झालाय. सर, या भागात आरोग्याची जाण असलेला ग्राहक तयार झालाय. तो कोण आहे, तरुण आहे की बायका आहेत, व्यायामाला जाणारे आहेत का, हे एकदा कळलं, की बाकीच्या शहरात तसेच लोक शोधायचे."

संचालकांनी विचार केला आणि म्हणाले, तोवर बंद करायचं थांबवू. तिने सुटकेचा श्वास सोडला. दोन्ही सहायकांनी टेबलाखाली एकमेकांना टाळी दिली. दुकानात जाऊन ग्राहकांशी बोलून यायचं काम तिच्याकडे आलं, कारण मालातलं तिलाच कळत होतं. टायवाल्याने पत्त्याची चिठ्ठी दिली. पत्ता वाचून तिला गंमत वाटली. बाबांचीच गल्ली. चला, काम आटोपून चहाला डोकावता येईल.

ती चार वाजता पोचली. दर रविवारी ती बसने पलीकडच्या बाजूने यायची, त्यामुळे या दुकानात कधी पाय ठेवायची वेळ आली नव्हती. अरुंद दुकान. दाराशी काचेच्या झाकणाचा फ्रीजर, त्यामागे उंच स्टुलावर उशी टाकून बसलेला किडकिडीत दुकानदार, आणि बाहेर भिंतीला लागून एक बाक. तिने कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं, पिशवीतून प्रश्नांचा कागद काढला.

"आमचं कमी फॅटचं आइस्क्रीम तुमच्याकडे चांगलं खपतं. कोण घेतं? तरुण मंडळी?"

"काका घेतात," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे वयस्क लोक."

"लोक नाही हो बाई. काका. एकच."

तिने पेन थांबवलं. "सगळं एकटेच?"

"सगळं. आधी संध्याकाळी एक डबा घ्यायचे. इथेच बाकावर बसून संपवायचे, घरी न्यायची सोय नाही म्हणाले, घरी पहारा आहे. मग डॉक्टरांनी फिरणं वाढवायला सांगितलं, तेव्हापासून सकाळीही येतात. सकाळी एक, संध्याकाळी एक. घड्याळाचे काटे चुकतील, काका चुकायचे नाहीत."

काका राहतात कुठे, हा प्रश्न ओठांवर आला होता, तो तिने विचारला नाही. उगाचच वेगळाच विचारला. "बाकी कुणीच नाही?"

"एक बाई घेऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं परत घेऊन आल्या. खडू खाल्ल्यासारखं लागतं म्हणाल्या." दुकानदाराला एकदम ती कारखान्याची असल्याची आठवण झाली. "म्हणजे, ज्याची त्याची आवड. हे बघा, आलेच काका."

टोपी, काठी, कोट. वडील भिंतीला हात लावत लावत येत होते. दारापाशी येऊन त्यांनी फ्रीजरची कड शोधली आणि म्हणाले, "द्या, आमच्या मुलीचं."

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि अनोळखी बाईला बघून हसतात तसे हसले. त्यांना तिचा रंगीत धब्बा दिसत असावा. मग डबा घेऊन त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

"तुम्हीही घ्या की बाई," ते म्हणाले. "फार चांगलं आहे. कमी फॅटचं. बाधत नाही कुणाला. माझी मुलगी बनवते."

ते बाकावर जाऊन बसले. झाकण उघडून त्यांनी लाकडी चमची खुपसली आणि पहिला घास तोंडात घातला. घास गिळताना त्यांनी डोळे मिटून घेतले. दुकानदार तिच्याकडे बघत होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काय कळायचं ते कळलं आणि तो एकाएकी फ्रीजरची काच पुसायला लागला.

ती बाहेर आली. "बाबा," ती म्हणाली.

चमची हवेतच राहिली. चोरी पकडलेलं मूल जसं आधी हातातली वस्तू लपवायला बघतं, तसा त्यांनी डबा कोटाखाली सारला. मग त्यांच्याच लक्षात आलं की उपयोग नाही, आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला.

"तू कशी काय आज? रविवार नाही ना?"

"बाबा, तुम्हाला साखर आहे!"

"हो. पण हे कमी फॅटचं आहे ना? तूच म्हणालीस."

"फॅट कमी आहे. साखर कमी नाही. साखर उलट जास्त आहे."

वडिलांनी यावर विचार केला. "मग डब्यावर तसं लिहायला नको?"

"लिहिलंय. मागे."

त्यांनी डबा फिरवला. नाकाला टेकेल इतका जवळ घेतला. खिशातून भिंग काढून डाव्या डोळ्याला लावलं, डबा उजेडाकडे तिरका केला, पुन्हा सरळ केला. "काहीतरी आहे खरं," ते म्हणाले. "मला वाटलं, नक्षी आहे."

ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. बसल्यावर तिने हिशेब सांगायला सुरुवात केली, आकडे तिला पाठ होते. वाटीमागे सोळा ग्रॅम साखर. डब्यात चार वाट्या. म्हणजे एका डब्यात चहाचे तेरा-चौदा चमचे साखर, बाबा. दोन डब्यांचा हिशेब तुम्हीच करा.

"बापरे," वडील म्हणाले. "आणि तुझी आत्या मला चहात अर्धा चमचा घालू देत नाही."

"हसू नका!" ती ओरडली. रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. "डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या ते ठाऊक आहे ना? पडदा खराब झाला तर ऑपरेशन करूनही दिसणार नाही. कायमचं. एवढी कसली जीभ सोकावली तुमची? एखाद्या दिवशी खाल्लं असतं तर मी समजू शकते. रोज? दोन-दोन डबे?"

वडिलांनी चमची पुसली आणि सवयीने खिशात ठेवली.

"खपायला नको का?" ते म्हणाले.

तिने वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू म्हणालीस, कुणी घेत नाही. हंगाम संपेपर्यंत हललं नाही तर तुझा विभाग जाणार. आता मी एकटा किती खाणार, हे मलाही कळतं. पण म्हटलं, रोज जातंय असं दिसलं तर दुकानदार वर कळवेल. मग ते वरचे विचार करतील. आपल्या हातात तेवढंच होतं." ते तिच्याकडे वळले. "झाला का काही उपयोग?"

तिला आधी प्रचंड राग आला. मग त्या सहीची आठवण होऊन लाज वाटली. आणि त्या दोन्हींच्या खालून या माणसाविषयी माया दाटून आली. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

"झाला," शेवटी ती म्हणाली. "खूप झाला."

"मग ठीक आहे."

"ठीक नाही बाबा. हे आता बंद."

"माझं की तुझं?"

तिने हे अजून धड मनाशीही ठरवलं नव्हतं. पण विचारल्यावर उत्तर तयारच होतं असं दिसलं. "दोन्ही," ती म्हणाली.

वडिलांनी मान हलवली. उरलेला डबा त्यांनी तिच्या हातात दिला. रिकामा करून तो धुऊन दे म्हणाले, स्क्रू ठेवायला बरा आहे. आणि उठताना काठी सावरत कुजबुजले, "तुझ्या आत्याला एवढं सांगू नकोस. ती मला उभा चिरेल."

पुढच्या बैठकीत तिने जे होतं ते सांगितलं. ग्राहक कोण? एक. वय? म्हातारे गृहस्थ आहेत. आरोग्याची जाण? साखरेचे रोगी आहेत, आणि डोळ्यांना दिसत नाही.

टायवाल्याने पडद्यावरच्या उंच रेघेकडे पाहिलं. आपलंच घर कोसळल्यासारखा तो बघत होता. पण विक्रीचा माणूस लवकर सावरतो. "म्हणजे मागचं वाचलंच नसणार त्यांनी," तो म्हणाला.

"वाचता आलं नाही. आपण वाचता येईल असं ठेवलं नाही." तिने पिशवीतून एक कागद काढून पुढे सरकवला. डब्याचं चित्र होतं. पुढच्या बाजूला, निळ्या अक्षरांखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत अख्ख्या डब्यातली साखर. "चालू ठेवायचं असेल तर असं छापा."

"मॅडम, असं छापलं तर घेणार कोण?"

"ते मला नाही सांगता येणार."

संचालक चष्मा पुसत होते. टायवाल्याने शेवटचा प्रयत्न केला. "त्या गृहस्थांना निदान हंगाम संपेपर्यंत धरून ठेवता येईल का? काही सवलत, भेटवस्तू? बाकीचा आलेख सुधारेपर्यंत?"

"नाही," ती म्हणाली. "ते माझे वडील आहेत."

हंगाम संपायच्या आतच आइस्क्रीम बंद झालं. विभागही गुंडाळला. एका सहायकाने दुसरीकडे नोकरी धरली, दुसरीला पॅकिंगमध्ये घेतलं, आणि तिला दूध उतरवून घ्यायच्या जागी टाकलं. तिथे पहाटे टँकर येतात. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून प्रत्येक टँकरच्या दुधाचा वास घ्यायचा, फॅट मोजायचं आणि आत घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. पहिले काही दिवस ती टँकरमागे जाऊन रडून आली. मग सवय झाली.

वडिलांची साखर मात्र उतरली, आणि भराभर उतरली. डॉक्टरीण बाईंनी नव्या गोळीला श्रेय दिलं. आत्याने सूपला दिलं आणि येईल-जाईल त्याला कृती सांगितली. वडील रोज दोनदा फिरायला जात राहिले, फक्त कोपऱ्याच्या उलट्या दिशेने. त्यांनी आत्याच्या सूपची इतकी तारीफ केली, की तिला थोडा संशय येऊ लागला होता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. पडदा शाबूत होता.

त्यानंतरच्या एका रविवारी ती गेली तेव्हा वडील खिडकीशी टेबलावर ओणवे होऊन बसले होते. समोर एक घड्याळ उघडलेलं होतं आणि ते खरोखर त्यात बघत होते. तिने खुर्ची ओढली. आत्या स्वयंपाकघरात सूप ढवळत होती.

"किती म्हातारी झालीस गं," वडील तिच्याकडे बघून म्हणाले.

"थँक्यू."

त्यांनी स्क्रू ठेवायचा डबा जवळ घेतला. 'कमी फॅट' अशी निळी अक्षरं असलेला. स्क्रू एका बशीत ओतले, भिंग डोळ्याला लावलं आणि डबा मागच्या बाजूने उजेडात धरला. मग ते वाचायला लागले. सावकाश, मोठ्याने, एकेक ओळ. एका वाटीमागे. वाटी पासष्ट ग्रॅमची. डब्यातल्या वाट्या चार. उष्मांक. फॅट. प्रथिनं. साखर. ती खाली मान घालून ऐकत होती. आता ते विचारतील, इतकं बारीक कुणी लिहिलं, आणि आपल्याला सांगावं लागेल, असं तिला वाटत होतं.

शेवटची ओळ वाचून त्यांनी भिंग काढलं. सगळे स्क्रू मोजल्यासारखे एकेक करून पुन्हा डब्यात टाकले.

"एक सांगू?" ते म्हणाले. आवाज त्यांनी अगदी खाली आणला होता. "रागावू नकोस. मला ते कधीच आवडलं नाही. अगदी पहिल्या दिवसापासून. खडू खाल्ल्यासारखं लागायचं."

तिने वर पाहिलं. ते खरोखरच ओशाळले होते. हातात डबा धरून तिची समजूत कशी काढावी, या विवंचनेत बसलेले.

"मला तरी कुठे आवडलं होतं," ती म्हणाली. "मी तर बाबा, ते एकदासुद्धा गिळलं नाही."

आतून आत्याने हाक मारली, की सूप थंड होतंय. दोघं उठून जेवायला गेले.